डार्सीला कोणती बंदूक

माझ्या बहिणीचा नवरा हर्शेल हा पंपवाला. आर्कान्सातल्या आमच्या ह्या सपाट भातमुलखात पाणी जमिनीच्या पोटातून ओढून काढावं लागतं. ऐन जुलैत पंप बंद पडला की शेतकऱ्याला पहिली आठवण देवाची होत नाही, हर्शेलची होते. तो यायचा, पाइपावर तळहात ठेवून क्षणभर उभा राहायचा आणि सांगायचा, "खालचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर खालचंच बेअरिंग गेलेलं असायचं. बोलणं थोडं, पण जे बोलायचा ते ठाम. माझी बहीण नेडा म्हणायची, यानं लग्नाची मागणीसुद्धा अशीच घातली, जणू माझ्यात काय बिघाड आहे तेच सांगत होता.

मी सांगतेय ही गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. नेडा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हर्शेल चौसष्टचा, एकटाच. दर बुधवारी माझ्याकडे जेवायला यायचा. ऑक्टोबरातल्या अशाच एका बुधवारी मी चवळी आणि मक्याची रोटी केली होती. त्यानं रोटीचा तुकडा मोडला, बशीत ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाला, "इमोजीन, दहा वर्षांच्या पोरीला कोणती बंदूक द्यावी?"

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"हे तू मला विचारतोयस?"

"विचारतोय."

"तू पन्नास वर्षं बदकं मारतोयस. मी पन्नास वर्षं ती सोलतेय. मला बंदुकीतलं काय कळतंय?"

"म्हणूनच विचारतोय. ज्यांना कळतं त्यांना सगळ्यांना विचारून झालं."

ही दहा वर्षांची पोरगी म्हणजे त्याची नात, डार्सी. हर्शेलचा एकुलता एक मुलगा वेन, तो लिटल रॉकला शाळेत गणित शिकवतो, त्याची ही मुलगी. त्या आठवड्यात वेनचा फोन आला होता. डार्सीनं शाळेत बंदूक सांभाळून कशी वापरायची याचा वर्ग केला होता, परीक्षाही पास झाली होती, आणि आता नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला इकडे आली की आजोबाबरोबर बदकांना जायचं म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"वेन काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, बंदूक तू निवड. मला त्यातलं काही विचारू नकोस."

एवढं बोलून हर्शेलनं बशी बाजूला सारली. चवळी तशीच राहिली. माझ्या टेबलावर त्यानं अन्न टाकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

*

सल्ले काही कमी नव्हते. आमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी बदकांशिवाय दुसरा विषय नसतो. भात कापला की शेतांत पाणी सोडतात, उत्तरेकडून हजारोंनी बदकं उतरतात, आणि ज्याच्या हातात बंदूक नाही त्याच्याकडे निदान मत तरी असतं.

हार्डवेअरच्या दुकानातला टॉलिव्हर म्हणाला, "चारशेदहा बोर दे, सगळ्यांत बारीक नळीची. काठीसारखी हलकी, धक्का म्हणशील तर मांजरानं शिंकल्यासारखा. पोरं सगळी त्याच्यावरच सुरुवात करतात."

हर्शेलबरोबर तीस वर्षं बदकांसाठी दबा धरायच्या एकाच लपणात बसणारा क्लीटस म्हणाला, "चारशेदहा? त्यापेक्षा तिच्या हातात दगड दे. बदक जखमी होईल, उडून जाईल आणि कुठंतरी गवतात चार दिवसांनी मरेल. हे शिकवायचंय का तुला तिला? वीस बोर घे, तिची नळी जरा मोठी. लहान मुलांची मिळते, आखूड दस्त्याची. एकनळी. एकच काडतूस, म्हणजे पोरगी नेम धरायला शिकते."

भात वाळवायच्या कोठारावर सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी तर पार काथ्याकूट केला. एक म्हणाला, मोठ्या माणसांची बारा बोरच द्यावी, मूल काय कायम लहान राहतं का. दुसरा म्हणाला, आपोआप भरणारी घे, तिच्यातला वायू धक्का गिळून टाकतो. तिसरा म्हणाला, आपोआप भरणारी मुलाच्या हातात म्हणजे तीन माणसं दवाखान्यात. चौथ्यानं विचारलं, मुलगी आहे तर गुलाबी मिळते का बघितलंस? त्यावर सगळे हसले. हर्शेल हसला नाही.

एरवी हाच माणूस अशा गप्पा एका वाक्यात मिटवायचा. आता तो प्रत्येकाचं ऐकून मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा तेच विचारायचा. लोकांना गंमत वाटू लागली. क्लीटस मला चर्चबाहेर म्हणाला, "इमोजीन, तुझ्या मेव्हण्याला झालंय काय? काल त्यानं पाद्रीसाहेबांना विचारलं. पाद्रीसाहेब मासे धरतात."

"पाद्रीसाहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रार्थना करू या."

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे अक्रोडासारख्या पेकनची टोपली द्यायला गेले. घरामागून आवाज येत होते. एक बार, मग बराच वेळ शांतता, मग दुसरा बार. मी वळसा घालून गेले. तळ्याच्या कडेला त्यानं मोठाले पुठ्ठे उभे केले होते आणि प्रत्येकावर काळ्या खडूनं बदक काढलं होतं. चित्रकला त्याच्या बापजन्मात नव्हती. बदकं कमी, जोडे जास्त वाटत होते.

"बघ," तो म्हणाला. "ही चारशेदहा. तीस पावलांवरून."

जोड्यावर पाच भोकं होती. मानेवर एकही नाही, डोक्यावर एकही नाही.

"पूर्वी शिशाचे छरे होते, तेव्हा चाललं असतं," तो म्हणाला. "आता बदकांना शिसं वापरायचं नाही, पाण्यात विष पसरतं म्हणून कायदा आहे, आणि बरोबरच आहे. पोलादाचे छरे हलके. इतक्या बारीक नळीत मावतात किती? क्लीटसचं खरं आहे. हिनं बदक मरायचं नाही, नुसतं दुखायचं."

"मग वीस बोर घे. क्लीटसचं खरं आहे तर."

त्यानं दुसरी बंदूक उचलली. क्लीटसच्या पुतण्याची, मागून आणलेली. लहानशी, एकनळी, दिसायला देखणी.

"हिच्या छऱ्यांची नक्षी चांगली पडते. पण ही वजनानं काहीच नाही. हलकी बंदूक सगळा धक्का खांद्याला देते. जड बंदूक धक्का स्वतः पिते. मग जड घ्यावी, तर ती पोरीला उचलत नाही. उचलली नाही तर नळी खाली पडते, नळी खाली पडली तर..." त्यानं बंदूक माझ्यापुढं धरली. "तू झाडून बघतेस का?"

"मी?"

"तू लहानखुरी आहेस. तिच्यापेक्षा फार मोठी नाहीस."

मी एकसष्ट वर्षांची होते आणि बंदुकीचा चाप कधी ओढला नव्हता. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. त्यानं माझ्या कानात कापूस कोंबला, दस्ता खांद्याच्या खळगीत बसवला, माझी कोपरं वरखाली केली, आणि मी डोळे घट्ट मिटून चाप ओढला. कोणीतरी दार माझ्या खांद्यावर आपटल्यासारखं झालं. मी मागं सरकले ती सरळ त्याच्या पायावर.

"दुखलं?" त्यानं विचारलं.

"दुखलं म्हणजे काय, हर्शेल. मेल्या, तू मला आधी सांगायचंस."

"किती दुखलं? एक ते दहात?"

"मला काय माहीत? मला नव्या बुटांनीही दुखतं."

तो हे सगळं एका वहीत लिहून घेत होता. मग त्यानं सदऱ्याचं वरचं बटण सोडून कॉलर बाजूला केली आणि मी बघत राहिले. उजव्या खांद्यापासून काखेपर्यंत सगळं काळंनिळं, कडेनं पिवळं पडत चाललेलं. चार दिवस तो अंगात नुसता पातळ सदरा घालून, प्रत्येक बंदुकीची तीस-तीस काडतुसं झाडत होता.

"कोट घालून झाडली तर मला काहीच लागत नाही," तो म्हणाला. "म्हणून काढला. दहा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल ते कळायला हवं. पण तरीही कळत नाही. माझा खांदा चौसष्ट वर्षांचा आहे, त्याला मी काय करू?"

मी त्याला घरात नेलं, खांद्याला मलम लावलं आणि विचारलं, हे सगळं काय चाललंय. तेव्हा त्यानं मला वेनची गोष्ट सांगितली. मला त्यातलं अर्धंच माहीत होतं.

वेन नऊ वर्षांचा असताना हर्शेलनं त्याला पहिल्यांदा बदकांना नेलं. हातात दिली आपल्या बापाची बारा बोर, लांब दस्त्याची, आणि तीही जबर काडतुसं भरून. वेन बाकावर उभा राहिला, बार काढला, आणि धक्क्यानं मागं उलटून लपणाच्या तळाच्या गार पाण्यात बसला. ओठ फुटला. लपणात चार माणसं होती, सगळी हसली.

"तू पण हसलास?"

"सगळ्यांत मोठ्यानं. मला वाटलं, हसलं की पोरगं पण हसेल." हर्शेल खिडकीबाहेर बघत होता. "त्यानंतर तो कधी आला नाही. मी त्याला विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी ती बंदूक विकून टाकली. वाटलं, त्याला कळेल."

"काय कळेल?"

"कळेल, एवढंच वाटलं."

अठ्ठावीस वर्षं तो हे पोटात घेऊन हिंडत होता, आणि त्या पुठ्ठ्यावरच्या जोड्यांत त्याचं उत्तर शोधत होता. मी म्हटलं, पोरीला आधी चांगला जाड कोट घे. तेवढंच मला ठाऊक होतं.

*

थँक्सगिव्हिंगला वेन आणि डार्सी आले. वेनची बायको परिचारिका, तिला सणाच्या दिवशी रजा नव्हती. डार्सी गाडीतून उतरली ती सरळ आजोबाकडे.

"आजोबा, बंदूक कुठंय?"

हर्शेलनं माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलावर टर्की आणि रताळी मांडायच्या जागी तीन बंदुका ओळीनं ठेवल्या होत्या, नळ्या भिंतीकडे करून. तिन्ही मागून आणलेल्या.

"ह्यातली कुठली माझी?"

"अजून ठरायचंय," हर्शेल म्हणाला.

"आजोबा, परवा जायचंय ना?"

पोरगी उंच, काटकुळी, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. घाबरट तर मुळीच नव्हती. तिनं पहिली बंदूक उचलली, आधी उघडून आत काडतूस नाही हे पाहिलं, मग खांद्याला लावली आणि खिडकीतून विजेच्या खांबावर नेम धरला. हर्शेल तिच्या समोरच्या बाजूला गेला, वाकला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"उजव्या डोळ्यानं बघ," तो म्हणाला.

"बघतेय की."

"नाही, तू मान वाकडी करून डाव्यानं बघतेयस."

त्यानं तिला दोन्ही तळहातांमध्ये लहानसं भोक धरायला लावलं, त्यातून दूरचा खांब बघायला सांगितला, मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा मिटला तरी खांब जागेवरच होता. डावा मिटला की खांब नाहीसा व्हायचा. पोरगी उजव्या हाताची, पण डोळा डावा.

हर्शेल खुर्चीत बसला. महिनाभर त्यानं वजन मोजलं, धक्का मोजला, छरे मोजले. डोळ्याचा विचारच केला नव्हता.

"म्हणजे डाव्या खांद्यावरून झाडायला लागणार," तो स्वतःशीच बोलू लागला. "म्हणजे रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर पडणार, तिच्या तोंडासमोरून. म्हणजे ह्यातली आपोआप भरणारी बाद. एकनळी चालेल, पण तिचा धक्का..."

"पप्पा," वेन म्हणाला. तो इतका वेळ दारात उभा होता. "तिला झेपेल अशी एक दे की. इतकं काय आहे त्यात?"

"इतकं काय आहे?" हर्शेलनं मान वर केली. "तुला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

मी डार्सीला घेऊन स्वयंपाकघरात जायला हवं होतं. गेले नाही. आणि हर्शेलनं, ज्यानं अठ्ठावीस वर्षं वेनजवळ एक अक्षर काढलं नव्हतं, त्यानं पोरीसमोरच सगळं सांगून टाकलं. बारा बोर, धक्का, पाणी, फुटलेला ओठ, हसणं. म्हणाला, "मी तुझ्या हातात चुकीची बंदूक दिली. त्यापायी तू पुन्हा आला नाहीस. ह्या पोरीच्या बाबतीत मला ते पुन्हा करायचं नाही."

वेन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. चिडलेला नव्हता. गणितात पोरानं भलतंच उत्तर काढावं आणि ते कसं आलं असेल हे मास्तरला उमजू नये, तसा बघत होता.

"मी पाण्यात पडलो होतो?" तो म्हणाला.

"पडला होतास. तुझा ओठ..."

"मला आठवतच नाही. ओठाचं थोडं आठवतं. पप्पा, मी त्यामुळं यायचा थांबलो नाही."

"मग?"

"मी बदकाचा एक नर पाडला होता. हिरव्या डोक्याचा. तुझ्या कुत्र्यानं आणला तेव्हा तो जिवंत होता, माझ्याकडे बघत होता. तू त्याची मान पिळलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलास. म्हणालास, शाबास. तो गरम होता. तेवढंच आठवतं मला."

घरात टर्कीचा वास भरून राहिला होता. डार्सी हातात बंदूक धरून एकदा बापाकडे, एकदा आजोबाकडे बघत होती.

"मग तू सांगितलं का नाहीस?" हर्शेल म्हणाला.

"सांगणार होतो. पण तू बंदूकच विकलीस. मला वाटलं, मी रडलो म्हणून तू चिडलास. मी काही त्या लायकीचा नाही, म्हणून विकलीस."

"मी तर... मी तुझ्यासाठी विकली."

"मला कसं कळणार होतं?"

मी बंदुका पलंगावर नेऊन ठेवायला लावल्या आणि जेवण वाढलं. सगळे जेवले. हर्शेलनं तीनदा मीठ घेतलं आणि तीनदा विसरून पुन्हा मागितलं. त्याला दिलासा वाटायला हवा होता असं मला वाटत होतं, पण त्याच्या तोंडावर दिलासा नव्हता. इतकी वर्षं ज्याची खंत केली ती चूक झालीच नव्हती. दुसरीच झाली होती, आणि तिच्यावर कुठल्या बोरचा उपाय असतो ते त्याला माहीत नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं टॉलिव्हरच्या दुकानात गेलो. टॉलिव्हरच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून तो बाराला दुकान बंद करणार होता. हर्शेल अकरापासून एकेक बंदूक उचलून डार्सीच्या खांद्याला लावत होता. डावीकडून, पुन्हा डावीकडून, कोट घालून, कोट काढून.

"आवडतेय का?" तो विचारायचा.

"आवडतेय," डार्सी म्हणायची. प्रत्येकीला.

"हर्शेल," टॉलिव्हर घड्याळाकडे बघत म्हणाला, "तिकडं नवरी उभी आहे."

शेवटी त्यानं मागच्या खोलीतून एक जुनी काढली. वीस बोर, हातानं पुढं-मागं ओढून भरायची, पंप म्हणतात ती. तिचं रिकामं काडतूस बाजूनं पडत नाही, खालून पडतं, म्हणजे डावऱ्याला नि उजव्याला सारखीच. अगदी हलकी नाही, अगदी जड नाही. दस्ता मात्र मोठ्या माणसाचा.

"कापून घे चार बोटं," टॉलिव्हर म्हणाला. "कापलेला तुकडा ठेवून दे. पोरगी वाढली की परत जोडायचा."

"हीच बरोबर आहे का?" हर्शेलनं विचारलं.

"बाराला पाच मिनिटं आहेत. हीच बरोबर आहे."

अशी ती बंदूक ठरली. ती सगळ्यांत चांगली म्हणून ठरली की लग्नाला उशीर होत होता म्हणून, हे हर्शेलला कधी नक्की सांगता आलं नाही. दुपारी त्यानं करवत घेऊन दस्ता कापला. दोनदा खूण केली, दोनदा पुसली. तिसऱ्यांदा वेननं पट्टी हातातून घेतली, डार्सीचं कोपर ते बोट मापलं आणि रेघ मारून दिली.

*

शनिवारी मीही गेले. डार्सीनं हट्ट धरला म्हणून, आणि खरं सांगायचं तर मलाही आता बघायचं होतं. लपण म्हणजे बांधात पुरलेली एक लांबट लोखंडी पेटी, आत बाक, वर गवताचं झाकण. समोर पाणी भरलेलं शेत, त्यात प्लास्टिकची फसवी बदकं तरंगत ठेवलेली. क्लीटस बदकांची हाक काढायची शिट्टी घेऊन एका टोकाला, हर्शेलची कुत्री डॉट दुसऱ्या टोकाला. मध्ये डार्सी. तिच्या बंदुकीत एकच काडतूस. वेननं बंदूक घेतली नव्हती. "मी नुसता बसतो," म्हणाला. कोणी कारण विचारलं नाही.

उजाडलं आणि बदकं आली. क्लीटसनं शिट्टीतून हाळी दिली, एक थवा वळला, पंख ताणून पाय पुढं करून उतरू लागला. हर्शेल पुटपुटला, "आता." डार्सी उठली, बंदूक डाव्या खांद्याला लावली, आणि तशीच उभी राहिली. थवा वर उडून गेला.

"काय झालं?" हर्शेलनं विचारलं.

"कुठलं ते कळेना."

क्लीटस तोंडावर हातमोजा धरून खोकल्यासारखं करू लागला. हर्शेलनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याचा खोकला जागीच थांबला.

आठच्या सुमारास एक मादी एकटीच आली, तपकिरी, खालून. डार्सी उठली आणि ह्या वेळी बार झाला. मादी कोलमडून पाण्याच्या कडेला पडली. डॉट गेली आणि घेऊन आली.

मादी जिवंत होती. हर्शेलनं ती हातात घेतली. तिचा डोळा काळाभोर, उघडा. मान वळवून ती डार्सीकडे बघत होती.

"आजोबा, ही बघतेय," डार्सी म्हणाली.

अशा वेळी काय करायचं असतं ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मान धरायची, एक हिसका, संपलं. उशीर करणं हेच पाप. हर्शेलनं हे हजारदा केलेलं. पण त्या सकाळी त्याचे हात चालेनात. पाठ करून उरकावं, की तिच्यासमोर, की तिला सांगून, की न सांगता? तो पक्षी छातीशी धरून उभा राहिला आणि त्यानं वेनकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला मी त्याआधी तसं बघताना पाहिलं नव्हतं.

वेननं हात पुढं केला. "दे इकडं," म्हणाला. मग डार्सीला म्हणाला, "हिला दुखतंय. दुखणं थांबवायचं. बघायचं नसेल तर समोर बघ."

डार्सीनं समोर पाहिलं नाही. वेननं हिसका दिला. एकाच झटक्यात झालं. मादी त्यानं बाकावर ठेवली, लपणातून बाहेर चढला आणि बांधावरून दूरवर चालत गेला. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"बाबाला हे येतं?" डार्सीनं विचारलं.

"मला माहीत नव्हतं," हर्शेल म्हणाला. मग म्हणाला, "खांदा दुखला का तुझा?"

"कुठला खांदा?"

"बंदुकीचा. धक्का."

"धक्का बसला का?" डार्सीनं खांदा चाचपून पाहिला. "मला कळलंच नाही."

क्लीटस ह्या वेळी खरोखर हसला, आणि मलाही आवरेना. हर्शेलचा खांदा अजून हिरवापिवळा होता. तो आमच्याकडे बघत राहिला, हसावं की नाही ते न ठरवता.

घरी आल्यावर डार्सी माझ्याजवळ बसली आणि मी तिला पिसं काढायला शिकवलं. ती रडली नाही, नाचलीही नाही. मादीच्या गळ्याची पिशवी फाडली तर त्यातून भाताचे दाणे सांडले. ते तिनं बशीत वेगळे काढले, आणि मग मांसाचा रस्सा दोनदा मागून खाल्ला. आवडलं का म्हणून हर्शेलनं तिला तीन वेळा विचारलं. तीनही वेळा ती म्हणाली, "अं, हो." त्या "अं"चा अर्थ काय, यावर तो माझ्याकडे पुढचे दोन बुधवार बोलत होता.

डार्सी पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षी बास्केटबॉलपायी आली नाही, मग पुन्हा आली. कधी बंदूक झाडायची, कधी नुसती शिट्टी वाजवायची. आता ती तीसच्या घरात आहे, आणि तिला बदकांची शिकार आवडते की नाही ते मी आजही सांगू शकणार नाही.

येत राहिला तो वेन. दर वर्षी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, हर्शेलची नजर जाईपर्यंत. बंदूक कधी घेतली नाही. बापाशेजारी बाकावर बसायचा, थर्मासातली कॉफी ओतून द्यायचा, आणि डॉट जे जिवंत आणेल ते हात पुढं करून घ्यायचा. का यायचा, हे हर्शेलनं त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते मलाही कळत नाही.